गळवाचा गुलाबी

एका गावात एक केकवाले होते, आणि त्यांचे केक आंधळ्यालाही दिसतात, असं लोक म्हणायचे. हे कौतुक नव्हतं. लाल म्हणजे बाटलीतला लाल, हिरवा म्हणजे बाटलीतला हिरवा, आणि दोघे एकमेकांच्या छाताडावर बसलेले. दुपारचं ऊन दुकानाच्या काचेवर आलं की समोरचा घड्याळवाला पाठ फिरवून बसायचा. एकदा तर म्हणे त्यांचा वाढदिवसाचा केक काचेत ठेवल्याबरोबर चौकातली सगळी वाहतूक थांबली आणि लाल दिवा जाण्याची वाट बघत राहिली. केक विकला गेला तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

पण गावात त्यांना ओळखायचे ते केकवरून नव्हे, नाकावरून. जगातली कुठलीही गोष्ट समोर आली की आधी त्यांचं नाक मुरडायचं आणि मग डोळे बघायचे. म्हणून त्यांचं नाव पडलं नाकमुरडे. परक्या घरी चहा प्यायची वेळ आली तर कप डाव्या हातात धरायचे, कारण उजव्या हाताच्या बाजूला आधीचे सगळे ओठ लागून गेलेले. दुकानात गिऱ्हाईक शिंकलं तर केकची एक अख्खी रांग केराच्या डब्यात. न्हाव्याच्या हातून एकदा हनुवटीला जरासं लागलं, तर हनुवटी राहिली बाजूला, न्हाव्यालाच यांच्या तोंडावर पाणी मारत बसावं लागलं.

अशा माणसाला एकुलती एक लेक होती. तिचं लग्न ठरलं, आणि एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. केक मी बाहेरून मागवतेय."

"बाहेरून म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडून नाही."

नाकमुरड्यांच्या हातातला घास हातातच राहिला. केकवाल्याच्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याचा केक. गवंड्यानं भाड्याच्या घरात मरावं तसं झालं हे.

"चवीत काही कमी आहे?"

"चवीत नाही हो. तुमच्यासारखी चव कुणाच्या हाताला नाही. पण तुमचा गुलाब बघितला की माझे दात आंबतात. सासरच्या घरची माणसं जरा चित्रंबित्रं बघणारी आहेत. मला उगीच…" तिनं वाक्य सोडून दिलं आणि पाणी प्यायली. सोडलेलं वाक्यच जास्त लागलं.

बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं मी तेच सांगतेय. यांच्या हातात रंगाची बाटली आणि माकडाच्या हातात कोलीत, दोन्ही सारखंच."

नाकमुरड्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "लग्नाला अवकाश आहे. मी शिकतो."

"काय?"

"रंग. पहिल्यापासून. पाटी कोरी धरून."

लेकीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "शिका. आधी मला नमुना दाखवा. पटला तर केक तुमचा. नाहीतर माझी ऑर्डर तयार आहे."

आता रंग शिकायचा कुठे? चित्रशाळेत गेले, तर तिथले बाक पोरांच्या मापाचे. एकात बसले ते उठताना बाकासकट उठले. पाट्या रंगवणाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, "शेठ, मी 'येथे गाडी उभी करू नये' एवढंच लिहितो. त्याला कसला आलाय रंग? खरा रंग शिकायचा तर फोडवाल्या बाईंकडे जा. पण जेवून जाऊ नका."

फोडवाल्या बाई म्हणजे वैद्यकीय कॉलेजात मेणाचे नमुने रंगवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. कातडीचे जेवढे म्हणून रोग, तेवढे त्या मेणाच्या हातापायांवर उठवायच्या, म्हणजे पोरांना रोगी न शोधता रोग शिकता यावा. त्यांच्या हाताची अशी कीर्ती होती की एकदा माश्या खरा रोगी सोडून मेणाच्या पायावर बसायला लागल्या, आणि रोग्याला त्याचा राग आला.

नाकमुरडे रुमाल नाकाला लावून दारात उभे राहिले. लांबट खोली, उत्तरेला मोठ्या खिडक्या, आणि भिंतभर काचेची कपाटं. कपाटांत काळ्या मखमलीवर हात, पाय, कान, अर्धे चेहरे. कुठे खरूज, कुठे इसब, कुठे असलं काही की त्याला नाव नसतं तर बरं. मेणाचा आणि टर्पेंटाइनचा वास. आणि मधल्या टेबलावर बाई दोन पायांच्या मधोमध डबा उघडून जेवत बसलेल्या. पाय त्यांचे नव्हते.

"कोण हवंय?" घास चावत बाईंनी विचारलं.

"मला रंग शिकायचाय."

"कशासाठी?"

"गुलाबासाठी. केकवरच्या."

"गुलाब माझ्याकडे नाही. गळू आहे. बस."

"दुसरं काही… जरा स्वच्छ?"

"स्वच्छ माणसं डॉक्टरकडे येत नाहीत. आणि हे बघ, शिकायला आलास म्हणजे मी अरेतुरे करणार. तो रुमाल खिशात घाल. नाक झाकलं की डोळे आळशी होतात."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर पाय मेणाचे, आणि त्यांवर चट्टे. नाकमुरडे बसले.

पहिला धडा रेषेचा. बाईंनी नायट्याचा हात पुढे ठेवला आणि कागद दिला. नाकमुरड्यांनी डोळे अर्धे मिटून एक वाटोळं काढलं. बाईंनी बघितलं.

"ही बांगडी झाली. बांगडी अंगावर घालतात, अंगातून येत नाही. नीट बघ. निसर्गात रेषा नसते, कड असते. बाहेरची कड उठलीय, आतली विरघळत गेलीय. जिथे कातडी चिडलीय तिथे पेन्सिल दाब, जिथे शांत झालीय तिथे सोड."

"बघवत नाही हो, बाई."

"बघवत नाही म्हणून तुझे गुलाब तसे. तू आयुष्यात काही बघितलंच नाहीस, बाटलीवरचं नाव तेवढं वाचलंस."

दुसरा धडा आकाराचा आणि उठावाचा. त्याला गळू. नाकमुरड्यांनी गोल काढून तो एकसारखा भरून टाकला.

"खिडकी कुठाय?" बाई म्हणाल्या.

"डावीकडे."

"हे गळवाला कळलंय, तुला कळलेलं नाही. डावीकडे उजेड, माथ्यावर झगमग ठिपका, उजवीकडे सावली, आणि सावलीच्या पोटात खालच्या कातडीवरून परतलेला थोडा उजेड. एवढं आलं तर ते फुगतं. नाहीतर टिकली."

तिसरा धडा पोताचा. त्याला खपली. ती बोटानं चाचपायची, हातमोजा न घालता. नाकमुरड्यांनी बोट लावलं, आणि मेण आहे हे माहीत असून अंगावर असा काटा आला की शर्टाची दोन बटणं उडाली. मग ते मोरीकडे धावले. पुढे हे रोजचंच झालं. त्या खोलीपासून मोरीपर्यंतच्या फरशीवर त्यांच्या येण्याजाण्यानं घळ पडली. अजून तिथे पाणी सांडलं तर आपोआप मोरीत जातं, असं सांगतात.

मग आला रंग. नाकमुरडे आपल्या दुकानातली बाटली घेऊन गेले होते, तिच्यातला लाल त्यांनी ताटलीत ओतला. बाईंनी चष्मा पुसला.

"असला लाल जगात दोनच ठिकाणी असतो. तुझ्या बाटलीत आणि टपालाच्या पेटीवर. आता हे बघ. सूज लाल असते का? मधे जांभळट. कडेला नारिंगी. आणि सगळ्याच्या खाली, बारीक बघ, एक हिरवट झाक. ती हिरवी आहे म्हणून वरचा लाल जिवंत दिसतो. आणि सावलीत काळा घातलास तर याद राख. काळा घातला की मांस मेलं."

पुढच्या खेपेला बाई लंगडत आल्या. कपाटाच्या खणावर नडगी आपटली होती. "बरं झालं," म्हणाल्या, "रंगचक्र शिकवायचं राहिलं होतं." आणि नडगी पुढे केली. लाल होती. दुसऱ्या दिवशी जांभळी, मग निळी, मग हिरवट, मग पिवळी. रोज नाकमुरड्यांनी तिच्यासमोर बसायचं आणि आजचा रंग कालच्या रंगातून कसा निघाला ते ब्रशनं सांगायचं. पिवळा संपला तेव्हा बाईंना हळहळ वाटली. "चक्र पुरं झालं. पुन्हा बघायचं असेल तर सांग, खण अजून तिथेच आहे."

घरी नाकमुरड्यांचे हाल कुत्रा खाईना. बायकोनं कस्टर्ड पुढे ठेवलं तर त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि परत आणून ठेवलं.

"काय झालं?"

"कडेला हिरवट झाक आहे."

"कालच केलंय."

"हो. कालचंच दिसतंय."

स्ट्रॉबेरीचा जॅम ते बघू शकत नव्हते. भाजलेल्या पावाची साल सोलवत नव्हती. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. बायको म्हणाली, "केकवाला असा वाळला तर गिऱ्हाइकाला वाटेल, हे केक खाल्ल्यानंच झालं. निदान दुकानात तरी कोट घालून बसा."

पण हात मात्र तयार होत होता. बाईंनी शेवटी परीक्षा म्हणून एक पूर्ण हात करायला सांगितला, तीन गळवांसकट. मेणाशी नाकमुरड्यांचं जमत नव्हतं. त्यांनी केकसाठी कणकेसारख्या मळलेल्या साखरेचाच हात केला आणि खायच्या रंगांनी रंगवला. तो असा उतरला की बाईंनी स्वतः वास घेऊन बघितला आणि सरळ कपाटात मेणाच्या हातांशेजारी ठेवला. नेमकी त्या आठवड्यात पोरांची परीक्षा. तोवर मुंग्यांना पत्ता लागला होता. हात बघून एका पोरानं ठणकावून सांगितलं, "गळवं आहेतच, शिवाय रोग्याला मधुमेह आहे, कारण मुंग्या लागल्यात." परीक्षक डॉक्टरांनी खात्री करून घेतली आणि उत्तर बरोबर धरलं. खात्री कशी करून घेतली, हे कळलं तेव्हा नाकमुरडे पुन्हा एकदा त्या घळीतून धावले.

तरी आतून सुखावले होते. एवढा हात बसलाय तर गुलाब किस झाड की पत्ती. त्यांनी नमुन्याचा केक केला, वर गुलाबांचा झुबका काढला, क्रीमच्या पिशवीच्या नोझलनं एकेक पाकळी उमलवली, उजेड, सावली, झाक, सगळं जिथल्या तिथे, आणि वरून साखरेच्या पाकाचा हात फिरवून जरा चमक आणली. मग लेकीला हाक मारली.

लेक आली. तिनं केक बघितला. पुढे केलेला हात मागे घेतला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा गुलाब दुखतोय का?"

बायकोनं वाकून बघितलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

"आधी नुसते दात आंबायचे," लेक म्हणाली. तिचं नाक मुरडलं होतं. बापाचंच नाक ते. "आता पोटात ढवळतंय. होणाऱ्या सासूनं हे बघितलं तर ती लग्नाला नाही, दवाखान्यात नेईल मला. मी ऑर्डर देऊन टाकते हं बाबा. तुम्ही पाहुण्यांसारखे मजेत या."

मजेत. नाकमुरडे खुर्चीत बसले ते बसलेच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आपल्याच लेकीच्या लग्नात हात पुसून उभं राहायचं आणि कुणाच्यातरी केकचं कौतुक करायचं. मग म्हणाले, "एक ऐक. तुझी ऑर्डर दे. पण माझाही एक टेबलावर राहू दे. तुला पटेल तो काप."

"आणि तुमचा नाही कापला तर?"

"तर मी समजेन."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी केक उचलून ते बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांनी तो टेबलावर आपटला. "तुम्ही मला नासवलंत. चांगला भडक माणूस होतो मी."

बाईंनी चष्मा लावून बघितलं. चेहरा खुलला. "उत्तम. पिकायला आलेलं गळू, ठसठसणारं."

"गुलाब आहे तो."

"मग त्याला गळवाच्या आळीत का ठेवलंस?" बाईंनी एक राखाडी पुठ्ठा घेतला आणि त्याला कात्रीच्या टोकानं भोक पाडलं. कपाटातल्या सगळ्यात ओंगळ पायाशी त्यांना ओढत नेलं आणि पुठ्ठा त्यावर धरला. "भोकातून काय दिसतं?"

"गुलाबी."

"घाण आहे?"

नाकमुरड्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांचं नाक जागच्या जागी होतं. "नाही. चांगला आहे. कोवळा आहे."

बाईंनी पुठ्ठा काढला.

"शी," नाकमुरडे म्हणाले.

"रंग तोच आहे रे. रंगात पू नसतो, शेजारात असतो. तू त्या गुलाबीच्या बगलेत निळसर क्रीम घातलंस, पानं राखाडी हिरवी केलीस, म्हणजे अख्खं आजारी खानदान आणून बसवलंस. आणि वर ओलं चमकवलंस. कातडी फाटली की आतलं ओलं दिसतं. पाकळी कोरडी असते, तिच्यावर उजेड घसरत नाही, बसतो. क्रीममध्ये उन्हाचा थेंब टाक. पानात जरा तांबूस टाक. गुलाबीला हात लावू नको."

"दुसरा एखादा गुलाबी नाही का? ज्याचं घराणं जरा…"

"आहे की. तुझ्या बाटलीत."

नाकमुरडे कण्हले. जिवंत गुलाबी जगात हा एकच, आणि तो त्यांना कुठे भेटला होता हे ते या जन्मी विसरणार नव्हते.

त्यानंतर ते पुठ्ठ्याचं भोक डोळ्याला लावूनच गावभर फिरले. भिंती बघितल्या, गटारं बघितली, बायकोचा गाल बघितला. बायको म्हणाली, "माझ्यात काय पिकलंय आता?"

"हलू नको. तुझ्या कानामागे फार सुरेख पिवळा आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिलंच कौतुक, त्यामुळे बायको हलली नाही.

लग्नाच्या दिवशी टेबलावर दोन केक. बाहेरचा पाच मजली, पांढराशुभ्र, सोनेरी कागदासारख्या पानांचा, बँकेच्या इमारतीसारखा. शेजारी नाकमुरड्यांचा, एक मजली, मऊ उन्हाच्या रंगाचा, आणि त्यावर गुलाब. पाहुणे आधी पांढऱ्याकडे गेले, कारण तो उंच होता. मग एकेक जण नकळत सरकत दुसऱ्यापाशी आला आणि तिथे आवाज खाली गेले. एका आत्येबाईंनी वाकून वास घेतला आणि खऱ्या गुलाबाचा वास येतोय म्हणाल्या. त्यात फक्त लोणी आणि साखर होती.

नाकमुरडे भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही तळहात पँटला पुसत होते, ते पुन्हा ओले होत होते.

लेक सुरी घेऊन आली. नवरदेव पांढऱ्याच्या मागे उभा राहिला, फोटो तिथेच काढायचं ठरलं होतं. लेक दुसऱ्या केकपाशी थांबली. एका पाकळीच्या कडेला, जिथे गुलाबी विरत विरत क्रीममध्ये जात होता, तिथे तिनं बोट अगदी जवळ नेलं, लावलं नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग नवऱ्याला म्हणाली, "इकडे ये. इथे कापायचाय."

फोटोवाल्यानं कुरकुर करत तिकडचे दिवे इकडे आणले. बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि शेजारणीला सांगितलं की ह्यांना पहिल्यापासून रंगाची फार जाण आहे.

पहिला तुकडा कापून लेक भिंतीपाशी आली. तुकड्यावर एक अख्खा गुलाब होता. "बाबा, हा गुलाबी कुठून आणलात? असला मी कुठेच बघितला नाही."

नाकमुरड्यांची नजर पलीकडे गेली. फोडवाल्या बाई खुर्चीत बसून त्याच केकचा दुसरा तुकडा मन लावून खात होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली आणि उत्तर द्यायला घास एका गालात घेतला.

"या बाईंनी शिकवला," नाकमुरडे घाईघाईनं म्हणाले. "चित्रकार आहेत. मोठ्या."

"तुझ्या बाबांनी अगदी जवळून बघितलाय तो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खायला लागल्या. "फार छान उतरलाय. कड तर बघ, नुकती कुठे भरत आलीय."

लेकीला वाटलं, पाकळीची.

"मग आधी तुम्ही खा," ती म्हणाली आणि तुकडा त्यांच्या तोंडापाशी धरला.

नाकमुरड्यांनी तो केक डोळ्यांनी केला होता. हा रंग लागल्यापासून जिभेला त्यांनी कण लावला नव्हता, चव बायकोकडून बघून घेतली होती. आता गुलाब नाकाखाली होता. भोक पाडलेला पुठ्ठा जवळ नव्हता. गुलाबीच्या आतला जांभळट दिसत होता, जांभळटाखालची हिरवी झाक दिसत होती, आणि तिच्याखाली तो पाय, काळ्या मखमलीवरचा. पोटातलं सगळं उलट्या पावली घशाकडे निघालं. समोर लेकीचा चेहरा होता. तिचं नाक मुरडलेलं नव्हतं.

त्यांनी तोंड उघडलं. चावले. गुलाब जिभेवर विरघळला, कडेकडून मधे, आणि ते त्याची एकेक पायरी ओळखत होते. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मान ताठ झाली. गिळला.

"बघा, बापाला भरून आलं," कुणीतरी मागे म्हणालं, आणि दोनचार जणांनी खरोखरच डोळे पुसले.

"कसा झालाय?" लेकीनं विचारलं.

"चांगला," नाकमुरडे म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता.

लेकीनं त्यांच्या मिशीला लागलेलं क्रीम बोटानं पुसलं, तेच बोट चाटलं, हसली, आणि दुसरा गुलाब पुढे केला.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.